छपराचे साडेसहा रुपये

खानापूर रस्त्यावर जनावरांचं शेल्टर चालवणाऱ्या एका संस्थेच्या सचिवांचा प्रश्न आहे: इमारतीच्या दुरुस्तीला पैसे कुठून आणायचे? शेल्टर उभं राहून चौदा वर्षं झाली. साठ जनावरं आहेत. बहुतेक कुत्री, थोडी मांजरं, चार म्हातारे बैल. खाण्याला आणि औषधाला लोक देतात, पण पत्रे गळतायत, कोबा फुटलाय, पिंजऱ्यांची दारं खालून कुजलीत आणि ठेकेदारानं ४ लाख ६० हजारांचं एस्टिमेट हातात ठेवलंय. खात्यात ७० हजार शिल्लक. त्यांचं शेवटचं वाक्य असं आहे: "कुत्र्याला भाकरी द्यायला माणूस मिळतो, त्याच्या डोक्यावरच्या पत्र्याला मिळत नाही."

मी बेळगावजवळच्या एका शेल्टरचा हिशेब एकोणीस वर्षं सांभाळतेय. त्यातली पहिली सहा-सात वर्षं मीही हेच वाक्य म्हणत होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमची खाद्याची खोली तेव्हा मंगळुरी कौलांची होती. एका जुलैत माकडांनी आढ्याची तीन कौलं सरकवली. पाऊस रात्रंदिवस लागलेला, पण आमच्या लक्षात काही आलं नाही, कारण पाणी खाली टपकत नव्हतं. ते भिंतीवरून झिरपत थेट पोत्यांच्या थप्पीमागे उतरत होतं. आठवड्यानं कामाच्या मावशींनी पोतं ओढायला हात घातला आणि म्हणाल्या, "अक्का, पोतं गरम लागाय लागलंय की." फाडून बघितलं तर आत हिरवी बुरशी आणि आंबूस वाफ. अशी अकरा पोती निघाली. बुरशीचं खाद्य कुत्र्याच्या यकृतावर जातं, त्यामुळे एकही पोतं वापरता आलं नाही. कौलं जागेवर बसवायला गवंड्यानं दोनशे रुपये घेतले. संध्याकाळी वहीत मी तो सगळा तोटा 'खाद्य' या सदरात लिहिला. तो 'छप्पर' या सदरात जायला हवा होता, पण तसं सदरच आमच्या वहीत नव्हतं.

माझ्या उत्तराचा गाभा एवढाच आहे. इमारतीचा खर्च जनावराच्या रोजच्या खर्चात धरा. तिथे तो नसतो, म्हणून देणगीदारासमोर तो येतो तेव्हा संकट म्हणूनच येतो, आणि दरवर्षी तेच संकट ऐकून माणूस कंटाळतो.

जमिनीचं उदाहरण देते, म्हणजे हे नुसतं हिशेबाचं बोलणं नाही हे पटेल. पार्वो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू कुत्र्याच्या विष्ठेतून बाहेर पडला की सावलीच्या ओलसर जागेत महिनोन्महिने, कधी वर्षभरसुद्धा जिवंत राहतो. साध्या फिनेलनं तो मरत नाही. ब्लीच चालतं, एका भागाला तीस भाग पाणी, तेही आधी घाण पूर्ण खरवडून धुतली तर आणि दहा मिनिटं ओलं ठेवलं तर. पण कोब्याला भेग असेल तर घाण भेगेत बसते आणि ब्लीच वरूनच वाहून जातं. आमच्या पिल्लांच्या खोलीत दाराजवळ हातभर लांबीची अशी एक भेग होती. दोन वर्षं त्या खोलीत पिल्लं जात राहिली. डॉक्टर सलाईन लावत होते, आम्ही औषधासाठी देणग्या मागत होतो, लोक देत होते. शेवटी डॉक्टरच गुडघ्यावर बसले, खिशातला पेन त्या भेगेत घातला आणि म्हणाले, "पैसे इथं घाला." जुना थर काढून कोबा नव्यानं केला, गटाराकडे फुटाला पाव इंच ढाळ दिला, भिंतीच्या कडेला गोलाई दिली. त्यानंतर बाहेरून आलेली आजारी पिल्लं दगावली, पण खोलीनं पिल्लं मारणं थांबलं.

आता तुमचा हिशेब करू. इमारत आज पुन्हा बांधायला किती लागेल, त्या रकमेच्या वर्षाला दोन ते चार टक्के देखभालीला लागतात, हा जुना आणि जगभर मानला जाणारा अंदाज आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेनं १९९० साली सार्वजनिक इमारतींसाठी हाच आकडा सुचवला होता. शेल्टरला मी चारच धरते. आपली जागा दिवसातून दोन-तीनदा धुतली जाते, मूत्राच्या क्षारांनी लोखंड खालून खाल्लं जातं, ब्लीचनं पत्र्याचा जस्ताचा थर जातो, आणि वरून आपला पाऊस. कणकुंबी-जांबोटीकडचा पाऊस ज्यानं बघितलाय त्याला वेगळं सांगायला नको.

तुमचं छपराखालचं क्षेत्र ३,००० चौरस फूट आहे. साध्या शेडचं बांधकाम फुटाला १,२०० रुपये धरलं तर ३६ लाख. त्याचे चार टक्के म्हणजे वर्षाला १ लाख ४४ हजार. साठ जनावरं, ३६५ दिवस. भागाकार केला की एका जनावरामागे दिवसाला साडेसहा रुपये येतात.

तुम्ही लिहिलंय की खाणं, औषध आणि पगार मिळून जनावरामागे रोज ६२ रुपये पडतात आणि पालकत्व घेणाऱ्याकडून तुम्ही महिना १,९०० रुपये घेता. उद्यापासून २,१०० घ्या. पावतीवर खाणं, औषध, माणसं आणि छप्पर असे चार आकडे लिहा. जुन्या पालकांना पत्र पाठवून कारण सांगा. आम्ही हे केलं तेव्हा मला वाटलं होतं निम्मे लोक सुटतील. दोघं सुटले. एका निवृत्त मास्तरांनी तर उलट फोन करून विचारलं, "इतकी वर्षं छपराचे पैसे कोण भरत होतं?" मला उत्तर देता आलं नाही.

एवढ्यानं भागणार नाही हेही सांगते. तुमच्याकडे बावीस पालक आहेत. बावीस गुणिले दोनशे, महिना ४,४००, वर्षाचे ५२,८००. उरलेले ९१ हजार दुसरीकडून यायचेत. त्यासाठी समितीत एक ठराव करा: जी कोणती मोकळी, म्हणजे ठरावीक कामासाठी न दिलेली, देणगी येईल तिच्यातला दहावा हिस्सा इमारत निधीत. वाढदिवसाचे ५०० आले तरी ५० तिकडे. हा ठराव लेखी असू द्या आणि तो मोडायला पूर्ण समितीची सही लागेल असं त्यातच लिहा. एखाद्या महिन्यात औषधाचं बिल मोठं आलं की पहिला हात याच निधीवर पडतो, हा माझा अनुभव आहे.

हे झालं पुढच्या वर्षांचं. यंदाच्या ४ लाख ६० हजारांकडे वळते.

एस्टिमेट एकरकमी मागत फिरू नका. ठेकेदाराला बसवून त्याचे तुकडे करून घ्या. तुम्ही जो कागद पाठवलाय त्यावरून पत्रे आणि खालचे पाईप-अँगल मिळून १ लाख ९० हजार, कोबा आणि गटार १ लाख ३०, दारं ४५ हजार, कंपाऊंडचा गिलावा आणि रंग ९५ हजार असं दिसतं. रंग आणि गिलावा या वर्षी काढून टाका. भिंतीला रंग नसल्यामुळे कोणी आजारी पडत नाही. गरज राहते ३ लाख ६५ हजारांची. हाताशी ७० आहेत, त्यातले ४० हजार खाद्यासाठी राखलेच पाहिजेत, म्हणजे उभे करायचे ३ लाख ३५. एस्टिमेट जुनं असेल तर सिमेंटचा दर पुन्हा लावून घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय, आणि आपल्यासारख्या संस्थेला तो परत मिळत नसल्यामुळे ती बचत सरळ आपली आहे.

पत्रा बदलण्याआधी एक माणूस वर चढवून खालचं लोखंड ठोकून बघा. आमच्या गवंड्याचं बोलणं मला पाठ आहे: "पत्रा नवा घालून काय हुतंय अक्का, खालचा अँगल हातानं मोडतोय बघा." त्यानं खरंच अंगठ्यानं दाबून गंजाचा पापुद्रा काढून दाखवला. नवा पत्रा कुजक्या अँगलवर बसवला तर वळवाच्या पहिल्या वाऱ्यात उडतो, आणि पत्रा उडाला की तो खालच्या जनावरावर येतो.

पैसे कुठून. सीमाभागात देणारे हात बरेच आहेत, पण प्रत्येकाची मागण्याची वेळ आणि भाषा वेगळी आहे.

सर्वात आधी दत्तजयंती. दत्ताच्या पायाशी चार कुत्री आणि मागे गाय आहे; आपल्याकडच्या माणसाला कुत्र्याविषयी याहून जास्त पटवून द्यावं लागत नाही. इकडची निम्मी घरं नरसोबाच्या वाडीला जाणारी आहेत. मार्गशीर्ष पौर्णिमेच्या आधी पंधरा दिवस आम्ही गल्लोगल्ली जातो आणि खाद्य न मागता पत्रा मागतो. एक पत्रा बसवून पूर्ण किती रुपयांना पडतो तो आकडा कागदावर छापतो. शहापूर-वडगावच्या विणकर घरांमधून अर्धा पत्रा, पाव पत्रा असं लिहून पैसे आलेत. छपराचा नकाशा भिंतीवर लावा आणि जो पत्रा भरला तो चौकोन रंगवा. माणसं पुढच्या आठवड्यात येऊन आपला चौकोन बघतात, सोबत शेजाऱ्यालाही आणतात. डिसेंबरात पैसा आला की फेब्रुवारीत काम होतं. एप्रिल-मेमध्ये सगळं गाव छप्पर शेकारायला निघालेलं असतं. गवंडी मिळत नाही, मिळाला तर मजुरी चढी, आणि वळीव कधी गाठेल नेम नसतो.

बैलांच्या गोठ्यासाठी कर्नाटकी बेंदूर गाठा. ज्येष्ठात शेतकरी बैल सजवतो तेव्हा म्हाताऱ्या बैलाची गोष्ट त्याच्या काळजाला भिडते. गोठ्याच्या जमिनीला उसाच्या कारखान्यातून किंवा फाउंड्रीतून बाद झालेला कन्व्हेयर बेल्ट मागा. म्हातारं जनावर दगडी फरशीवर घसरलं की पुन्हा उठत नाही. बेल्टवर त्याचा पाय ठरतो. आम्हाला असा बेल्ट नुसत्या एका विनंतीपत्रावर मिळाला, वाहतूक तेवढी आमची.

निपाणी, चिकोडी, अथणीकडच्या जैन घरांमध्ये जीवदया ही जुनी, मनापासूनची गोष्ट आहे. पर्युषणात जा. मात्र घेताना विचारा की ही रक्कम फक्त चाऱ्यासाठी आहे की जनावरांच्या छपरालाही चालेल, आणि उत्तर पावतीवर लिहून घ्या. जीवदयेचे पैसे ऑफिसच्या किंवा राखणदाराच्या खोलीला लावू नका. देणारा बघत नसला तरी लावू नका.

उद्यमबाग, मच्छे, होनगा इथल्या छोट्या कारखानदारांना मी सीएसआरचं, म्हणजे कंपन्यांनी समाजकार्याला द्यायच्या पैशाचं, नाव काढत नाही. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे निव्वळ संपत्ती ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा नफा ५ कोटी, यांपैकी एक तरी असेल त्या कंपनीलाच ते बंधन आहे. वर्कशॉपवाल्याकडे त्याच्या कामाची वस्तू मागा. आमची पिंजऱ्यांची सगळी दारं एका वर्कशॉपमध्ये रविवारी बनली. मी सोबत एक जुनं दार घेऊन गेले होते. खालची चार इंच पट्टी मूत्रानं चाळणीसारखी झाली होती आणि तिच्या धारेनं एका कुत्रीचा पंजा फाटला होता. मालकांनी ते दार हातात फिरवून बघितलं आणि स्वतःच म्हणाले, खालची पट्टी स्टेनलेसची टाकू, वरचं साधं राहू दे. हे आम्हाला सुचलं नसतं.

वस्तूरूप देणगीला ८०-जीची, म्हणजे देणगीदाराला मिळणारी प्राप्तिकराची, सवलत नाही, ती फक्त पैशाला आहे. पत्रे दुकानातून आले आणि दुकानदार ८०-जीची पावती मागू लागला तर देऊ नका. त्यानं पूर्ण बिल करावं, संस्थेनं चेकनं भागवावं, आणि त्याला द्यायची ती देणगी त्यानं स्वतंत्र चेकनं द्यावी. रोख देणगी २,००० रुपयांपर्यंतच सवलतीला धरतात. नव्या करप्रणालीत गेलेल्या नोकरदाराला ८०-जीचा उपयोगच नाही, तेव्हा आवाहनात पहिली ओळ कराची लिहू नका, पत्र्याची लिहा.

मोठ्या कंपन्यांचा सीएसआर हा वेगळा रस्ता. कंपनी कायद्याच्या परिशिष्ट सातमध्ये प्राणी कल्याण स्पष्ट लिहिलेलं आहे. हा पैसा घ्यायला संस्थेची सीएसआर-१ ही सरकारी नोंदणी लागते. 'देखभाल' या शब्दाला तिथे पैसे मिळणं कठीण. त्यांना सुरुवात, शेवट आणि मोजता येणारं काम हवं असतं. म्हणून पत्रे, कोबा, गटार आणि दारं यांचं मिळून 'कुत्र्यांच्या विभागात संसर्ग रोखण्याचं काम' असं एकच प्रकरण करा. पिल्लांचे मृत्यू आधी किती आणि नंतर किती, हा आकडा तुमच्या रजिस्टरमधून द्या. ते रजिस्टर नसेल तर आजपासून सुरू करा. उत्तर यायला सहा महिने ते वर्ष लागतं, यंदाचं छप्पर त्यावर टांगू नका. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या अनुदानाचंही तेच. मान्यता घेऊन ठेवा, अर्ज करा, पूर-वादळात जनावरांसाठी मदतीची त्यांची योजना आहे तीही माहीत असू द्या, पण पैसे हातात येईपर्यंत ते आहेत असं धरू नका.

पतसंस्था आणि सौहार्द (कर्नाटकातल्या सहकारी पतपुरवठा) सोसायट्यांच्या वार्षिक सभा ऑगस्ट-सप्टेंबरात होतात. त्याआधी चेअरमनना भेटा. नफ्यातला थोडा भाग धर्मादायाला काढण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. गणेश मंडळांकडे शिल्लक वर्गणी असते, ताडपत्री आणि बांबूही असतात. अनंत चतुर्दशीनंतर त्या ताडपत्र्या आमच्या पश्चिमेच्या भिंतीला लागतात आणि परतीच्या पावसाची झड अडते.

परदेशात गेलेल्या आपल्या मुलांच्या देणग्यांबद्दल प्रत्येक संस्था विचारते. संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परकी देणगी घेण्याची, नोंदणी नसेल तर नियम असा आहे: देणाऱ्याकडे भारतीय पासपोर्ट असेल आणि तो स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवत असेल तर ती परकी देणगी धरली जात नाही, मग तो दुबईत असो की न्यू जर्सीत. त्यानं अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल, ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाचं) कार्ड असेल, तर ती परकी देणगी झाली आणि शंभर रुपयेही घेता येत नाहीत. टिळकवाडीतल्या आईवडिलांच्या खात्यातून वळवून आणण्याची युक्ती कोणी सुचवेल, ती करू नका. पासपोर्टची प्रत मागायला संकोच वाटतो, पण मागा.

क्यूआर कोड चहाच्या गाड्यांवर लावलाय असं तुम्ही लिहिलंय. चांगलं आहे, पण ज्याचं नाव-पत्ता तुमच्याकडे नाही ती देणगी निनावी ठरते. वर्षाच्या एकूण देणग्यांच्या पाच टक्के किंवा एक लाख, यात जे जास्त असेल तिथपर्यंत ठीक. वरच्या रकमेवर ३० टक्के कर बसतो. कोडखाली एक व्हॉट्सअॅप नंबर छापा आणि नाव-पत्ता कळवायला सांगा. ८०-जी हवी असणाऱ्यांचा पॅनही घ्या, कारण देणगीदारांच्या यादीचं १०-बीडी विवरण ३१ मेच्या आत जावं लागतं आणि उशिराला दिवसाला २०० रुपये फी आहे.

आता जमलेला पैसा ठेवायचा कुठे. इथे मी चूक केली आहे आणि ती तुम्ही करू नये असं मला फार वाटतं. इमारत निधीचे पहिले पावणेदोन लाख मी एका सोसायटीत ठेवले. व्याज बँकेपेक्षा दीड टक्का जास्त होतं आणि संचालक ओळखीचे होते. तीन वर्षांनी छप्पर काढायची वेळ आली तेव्हा सोसायटीकडे द्यायला पैसे नव्हते. मुद्दल तुकड्या-तुकड्यानं परत यायला चार वर्षं गेली. त्या चार पावसाळ्यांत आम्ही प्लास्टिक बांधून दिवस काढले. त्यातल्या एका रात्री ओल्या वायरीचा शॉक बसून एक कुत्रा गेला. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो. शिवाय सार्वजनिक संस्थेनं पैसा कुठे गुंतवावा हे प्राप्तिकर कायद्यात ठरलेलं आहे. शेड्यूल्ड बँक किंवा सहकारी बँक त्यात बसते, नुसती पतसंस्था नाही. सोसायटीकडून देणगी जरूर घ्या. ठेव बँकेत.

करमाफ संस्थेनं वर्षाच्या उत्पन्नाचे ८५ टक्के त्याच वर्षी खर्च करायचे असतात. छपरासाठी दोन-तीन वर्षं साठवायचं तर फॉर्म १० भरून पाच वर्षांपर्यंत वेगळं ठेवता येतं. विवरणपत्राच्या मुदतीच्या दोन महिने आधी तो भरायचा, आणि कारण नेमकं लिहायचं: 'कुत्र्यांच्या विभागाचं छप्पर बदलणे व जमीन नव्याने करणे.' 'संस्थेच्या उद्दिष्टांसाठी' असं मोघम लिहिलं तर अडकतं. कोणाला कायम ठेव द्यायची असेल तर 'ही रक्कम कॉर्पससाठी (कायम निधीसाठी)' असं त्यांच्या सहीचं पत्र घ्या आणि ठरावात लिहा की तिचं व्याज फक्त इमारतीला. गवंड्याला एका दिवशी १०,००० रुपयांवर रोख दिलं तर तो खर्च धरला जात नाही. मजुरीसुद्धा खात्यावर टाका. १ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा लागू होतो, त्यात कलमांचे आणि फॉर्मचे आकडे बदलतात. मी सगळ्यांच्या तोंडी असलेले जुने वापरलेत, सीएंना नवे विचारून घ्या.

कोल्हापूर-पुण्याच्या संस्थांचे सल्ले वाचताना हेही ध्यानात ठेवा की तिकडे धर्मादाय आयुक्त आहेत. आपली संस्था कर्नाटक सोसायटी नोंदणी कायदा १९६० खाली आहे, आपला दप्तरी संबंध जिल्हा निबंधकांशी. महापालिका, पंचायत, पशुसंगोपन खातं यांना जाणारा प्रत्येक अर्ज कन्नडमध्ये लिहून द्या. आमच्या समितीत दोन कन्नड भाषिक शिक्षिका आहेत, त्यांच्या हातचा अर्ज एका फेरीत पुढे सरकतो. मुख्य फलकावर ६० टक्के कन्नड हा २०२४ चा नियम आहे, तो पाळून टाका. जनावरांच्या पैशावर फलकाचा वाद येऊ देऊ नये.

प्रश्नात एक गोष्ट तुम्ही ओझरती लिहिली आहे, मला ती सगळ्यात जास्त खटकली. जागा एका कुटुंबानं तोंडी वापरायला दिलेली आहे. ३ लाख ३५ हजार त्या जमिनीवर घालण्याआधी भाडेपट्टा करून घ्या, किमान पंधरा वर्षांचा, आणि तो उपनिबंधकांकडे नोंदवा. एक वर्षावरचा पट्टा नोंदणीशिवाय टिकत नाही. उताऱ्यावर सध्या नेमकी कोणाकोणाची नावं आहेत ते बघा. देणाऱ्या आजोबांचा शब्द सोन्याचा असेल, पण त्यांच्यामागे वाटण्या होतील. हे बोलायला त्यांच्या घरी जाताना एस्टिमेटचा कागद सोबत न्या. लोकांचा पैसा या जागेत जाणार आहे, म्हणून कागद हवा, असं सरळ सांगितलं की वाईट वाटत नाही.

आणि नवीन बांधकामाला नाही म्हणायला शिका. चार वर्षांपूर्वी एक सद्गृहस्थ आईच्या नावानं मांजरांचा वॉर्ड बांधून द्यायला आले. आठ लाख. समितीतले सगळे खूश. मी त्यांना सांगितलं की वॉर्डसोबत देखभालीची ठेव दिलीत तर घेऊ, नाहीतर आठ वर्षांनी तुमच्या आईच्या नावाच्या पाटीखाली पाणी गळेल. ते गेले, दोन महिन्यांनी परत आले. साडेसहा लाखांचा लहान वॉर्ड झाला आणि दीड लाखांची ठेव. पाट्यांचंही आता आम्ही कायमचं देत नाही. खोलीला नाव दहा वर्षांसाठी, पुढे त्याच घराला पहिला हक्क.

विमा घ्या. आग, वादळ, पूर यांचा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये दूधगंगा-वेदगंगेकाठची गावं पाण्यात गेली तेव्हा गोठ्यांचं काय झालं ते आपण डोळ्यांनी पाहिलंय. गंज आणि झीज मात्र विम्यात येत नाही.

या महिन्यात एवढं करा: पट्ट्याची बोलणी, एस्टिमेटचे तुकडे, दहाव्या हिश्श्याचा ठराव. पाऊस चालू असताना छत्री घेऊन प्रत्येक खोलीत उभं राहा, जिथे गळतंय तिथे खडूनं फुली मारा आणि फोटो काढा. कोरड्या दिवसांत ठेकेदाराला ती जागा सापडत नाही. काम निघालं की पश्चिमेच्या वळचणीला पत्रा भिंतीबाहेर दोन फूट काढा, ठेकेदार एक फुटावर थांबतो. पागोळ्या भिंतीपासून लांब पडल्या की भिंत भिजत नाही, आणि त्या बाजूच्या पिंजऱ्यांतली कुत्री रात्री कोरड्यात झोपतात.